गार्डकाका

सांगलीच्या आमच्या कॉलनीत कुणी गावाला निघालं, कुणी घाबरलं किंवा कुणी वारलं की गार्डकाकांना बोलावणं जातं, असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर बोलावणं जायच्या आत ते येऊन उभे असतात. अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं (एक चालणारं, दुसरं ‘समजा ते बंद पडलं तर’), रबरबँड लावलेली कोऱ्या चिठ्ठ्यांची गड्डी आणि गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. चहा विचारला तर ‘आधी काम’ म्हणतात, आणि काम झालं की ‘आता चहाची वेळ टळली’ म्हणतात. काकांना चहा पाजण्यात आजवर कुणाला यश आलेलं नाही.

काका रेल्वेत मिरज हेडक्वार्टरला गार्ड होते. रेल्वेनं जानेवारी २०२२ मध्ये गार्डांना ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायचं ठरवलं तेव्हा ते निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. “नोकरीभर गार्ड राहिलो आणि घरी बसल्यावर मॅनेजर झालो,” असं ते कौतुकानं सांगत सुटले. काकू आतून म्हणाल्या, “घरात मॅनेजर कोण, ते अजून पेपरात आलं नाही वाटतं.”

ड्रायव्हर पुढचं बघतो. गार्डला जे दिसतं ते सगळं होऊन गेलेलं असतं. त्याचं एक मोठं काम म्हणजे गाडी मध्येच कुठं बंद पडली तर मागून येणारी दुसरी गाडी तिच्यावर आदळू द्यायची नाही. काकांचा अख्खा स्वभाव या एका कलमातून निघाला आहे. काय झालं, का झालं, कुणामुळं झालं, यात त्यांना काडीचा रस नाही. आता मागून काय येतंय, एवढंच ते विचारतात. हा प्रश्न प्रवासाला निघालेल्या माणसाला विचारला तर तो वैतागतो, घाबरलेल्याला विचारला तर तो चमकतो आणि सुतकातल्या घरात विचारला तर नातेवाईक एकमेकांकडं बघतात. काकांना तिन्ही सवयीचं आहे.

प्रवासाचं आधी सांगतो, कारण तिथं ते सर्वांत जास्त छळतात. त्यांच्याकडं याद्या आहेत. रेल्वेची वेगळी, एसटीची वेगळी, अष्टविनायकाची वेगळी, केदारनाथाची वेगळी. झेरॉक्स स्वतःच्या खर्चानं. सगळ्या याद्यांत पहिला जिन्नस एकच, सुतळी. “सुतळी घेतली?” हा त्यांच्याकडचा नमस्कार आहे. सुतळीनं बॅगेचं तुटलेलं हँडल बांधता येतं, ओले टॉवेल वाळत घालता येतात, बाटली खिडकीला अडकवता येते आणि काहीच नाही तर पोराला खेळायला देता येते. त्याखाली मग एक जुनी चादर (‘हरवली तरी चालेल अशी’), दोन वर्तमानपत्रं, बॅटरी आणि औषधांची चिठ्ठी. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं, कारण आपली कंपनी परमुलखात मिळेलच असं नाही. हे मात्र खरंच उपयोगी आहे. मी तेव्हापासून तसंच लिहितो. केदारनाथाच्या यादीत तळाला लाल पेनानं लिहिलेलं असतं, ‘साडेतीन हजार मीटरच्या वर जात आहात. डोकं ठणकायला लागलं, उलटी आली, तर वर जायचं नाही, खाली यायचं. देव तिथंच आहे.’

लग्न होऊन आठवडा झालेलं जोडपं गोव्याला निघालं होतं. काका त्यांना निरोप द्यायला म्हणून स्टेशनवर गेले आणि मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढाच वेळ उघडता येतो, त्याआधी उघडायचा हट्ट खालच्या माणसाकडं धरू नये, हे नवऱ्या मुलाला गाडी सुटेपर्यंत समजावत राहिले. नवी नवरी खिडकीत एकटी बसलेली. मग त्यांनी तिलाही हाक मारली आणि सीटखालच्या कड्यात साखळी कशी ओवायची ते दाखवलं.

वरच्या मजल्यावरची मुलगी शिकायला जर्मनीला निघाली तेव्हा काका हूकवाला वजनकाटा घेऊन आले. तिच्या आईनं बॅग भरली होती म्हणजे निम्मं सांगली मार्केट यार्ड त्यात होतं. मेतकूट, शेंगाची चटणी, लोणच्याच्या बरण्या आणि किसून खमंग करायला म्हणून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. काकांनी वाट्या बाहेर काढल्या.

“सुकं खोबरं विमानात चालत नाही.”

“अहो, खोबरं ते! त्यानं काय होतंय?”

“तेलकट असतंय. आपोआप तापून पेटू शकतंय म्हणून बंदी आहे.”

“मग तिकडं आमटीत काय घालेल ती?”

“घालेल काहीतरी. आधी विमान तर पोचू दे की.”

पॉवरबँक मोठ्या बॅगेतून काढून हातातल्या बॅगेत गेली, कारण ती चेक-इनच्या सामानात चालत नाही. हातातली बॅग ७ किलोला दोनशे ग्रॅमनं जास्त भरली, तेव्हा आईनं हळूच कोंबलेली गणपतीची पितळी मूर्ती मुलीच्या कोटाच्या खिशात गेली. मग काकांनी मुलीला विचारलं, “बाबांचा नंबर पाठ आहे का?” नव्हता. मोबाइलमध्ये होता. मोबाइल हरवला तर? हुशार मुलगी, पण तोंडाला कुलूप लागलं. काकांनी तिला जिन्यात उभं करून आई, बाबा आणि मामा असे तीन नंबर पाढ्यासारखे म्हणायला लावले. जाणारे-येणारे थांबून ऐकत होते. शेवटी आईच्या डोळ्याला पदर लागला तसे काका म्हणाले, “वहिनी, रडारड इथंच उरकून घ्या. स्टेशनवर आणि विमानतळावर रडत बसलं की सामान जातंय.” आणि काय सांगू, सगळ्यांनी खरंच तिथंच रडून घेतलं.

हे गृहस्थ स्वतः कुठंच जात नाहीत. निवृत्त कर्मचाऱ्याला रेल्वे पास देते. तो पास कपाटात साड्यांच्या घडीखाली मुदत संपेपर्यंत विश्रांती घेतो. काकूंना काशीला जायचं आहे. विषय निघाला की काका म्हणतात, “आपण गेल्यावर इथलं कोण बघणार?” इथलं म्हणजे काय ते कुणालाच माहीत नाही, पण ते इतक्या गंभीरपणे म्हणतात की क्षणभर आपल्यालाही वाटतं, खरंच, कोण बघणार?

भीतीबद्दलचं त्यांचं शास्त्र मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये तयार झालं. ब्रेकव्हॅन म्हणजे शेवटचा डबा. दिवा आपला आपण आणायचा, हाडं खिळखिळी होतील एवढे हादरे आणि सोबतीला लाल-हिरवे झेंडे, हातबत्ती, शिट्टी, डेटोनेटर आणि प्रथमोपचाराचं सामान भरलेली आपल्या नावाची लोखंडी पेटी. डेटोनेटर म्हणजे रुळावर बसवायचे चपटे फटाके. चाक वरून गेलं की धडाड् वाजतात आणि मागच्या ड्रायव्हरला कळतं की पुढं काहीतरी अडलंय. नियम असा की गाडी बंद पडली की गार्डनं मागं चालत जायचं. ६०० मीटरवर एक फटाका, १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतरानं. पाऊस असो, रात्र असो.

अशीच एका रात्री गाडी शिंदवण्याच्या घाटात अडली. हा प्रसंग काका सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलत नाही, यादी वाचावी तसाच राहतो. अमावस्येच्या आसपासची रात्र, एका बाजूला कातळ, एका बाजूला दरी, हातात बत्ती. पहिली शंभर पावलं पाय उचलत नव्हते म्हणे. मग त्यांनी स्लीपर मोजायला सुरुवात केली. मोजता चुकलं की थांबायचं, शेवटचा आठवणारा आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि पुढं चालायचं. सहाशेवर एक लावला. फटाक्याच्या पट्ट्या रुळाभोवती वळवताना बोटांना काम मिळालं तेव्हा घाम आला, म्हणजे अंगात ऊब आली. बाराशेवर तीन लावले. मग तिथंच बत्ती धरून उभे.

“मग भीती गेली कधी?” मी विचारलं.

“गेली कुठं? शेजारनं चालत होती की. पण आपण मोजायला लागलो की ती बोलत नाही.”

तेव्हापासून काका कुठल्याही भीतीला माप लावतात. तिसऱ्या नंबरच्या वहिनींना एमआरआयची धास्ती बसली, तर काकांनी दवाखान्यात फोन करून किती मिनिटं लागतात ते विचारलं, आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि खाली सूचना दिल्या. मंगळसूत्र, पिना, बांगड्या घरीच. डोळे आत जायच्या आधी मिटायचे, आत गेल्यावर नाही. हातात दाबायला रबरी फुगा देतात, तो आधी एकदा दाबून बघायचा, बाहेर ऐकू येतंय ना याची खात्री करायची. मग आत पडल्या पडल्या कॉलनीतल्या घरांची नावं एक नंबरपासून म्हणायची. वहिनी सुखरूप बाहेर आल्या. फक्त सहा नंबरच्यांकडं हळदीकुंकवाचं बोलावणं राहिलंय, हे त्यांना आत आठवलं आणि जीव तिथं कासावीस झाला.

काकांचं शास्त्र खऱ्या अर्थानं कामाला येतं ते पावसाळ्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हापासून चार दिवस झड लागली की सांगलीचा जीव टांगणीला लागतो. रात्री बारालाही फोन वाजतात, ‘पुलाला किती?’ अफवा तर पाण्याच्या आधी येतात. काकांनी जिन्याखाली फळा लावला आहे. त्यावर कोयनेचा विसर्ग, पुलाची पातळी आणि वेळ. वेळेशिवाय आकडा लिहायचा नाही आणि ‘कुणीतरी सांगितलं’ हे फळ्यावर चालत नाही. शेजारी कायमचा मजकूर. ३० फुटांना पिण्याचं पाणी भरा, गॅस बघा, औषधं महिन्याची आणा. ३५ ला कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये घालून माळ्यावर. ४० ही इशारा पातळी, गाड्या उंचावर लावा, म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडं सोडा. ४५ ही धोक्याची, निघा. आणि त्याखाली अधोरेखित, ‘४५ ला वाद घालायचा नाही.’ लोक फळ्यासमोर येतात, आकडा वाचतात, ‘अजून अकरा फूट आहे की’ म्हणतात आणि झोपायला जातात. झोपेच्या गोळ्यांची विक्री आमच्या भागात त्या फळ्यामुळं घटली असावी, असा माझा अंदाज आहे.

पूर आला की साप आले. एकदा बागेतल्या होजपाइपवरून ‘घोणस, घोणस’ असा पुकारा झाला आणि माणसं खुर्च्यांवर चढली. काकांनी खुर्चीवरच्या लोकांना ती संधी साधून व्याख्यान दिलं. चावलं तर धावायचं नाही, करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडं जायचं नाही.

“मग करायचं काय?” खुर्चीवरून प्रश्न आला.

“पडून राहायचं. हललं की विष पसरतंय. अंगठ्या, पैंजण काढायचे आणि १०८ ला फोन करून थेट सिव्हिल. लस तिथं असतीय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांना मिळून एकच लस चालती, त्यामुळं साप मारून पिशवीत घालून न्यायची गरज नाही.”

एवढा हा धीराचा माणूस पालीला घाबरतो. पाल दिसली की काका पलंगावर आणि काकू केरसुणी घेऊन पालीमागं. मी एकदा त्यांना मापाच्या शास्त्राची आठवण करून दिली. ते पलंगावरूनच म्हणाले, “माप लागतंय ते रुळावर. भिंतीवर काय मोजू?”

आता तिसरं. आमच्या कॉलनीतले मास्तर पहाटे झोपेतच गेले. समाचाराला येणाऱ्यांची वाक्यं ठरलेली असतात. ‘सुटले’, ‘भाग्याचं मरण’, ‘आता तुम्हीच धीर धरायचा’. काका आले, भिंतीवरचं घड्याळ बघून चिठ्ठीवर वेळ लिहिली आणि मुलाला विचारलं, “डॉक्टर येऊन गेले? ४अ मिळाला का?” मास्तरांचा मेहुणा उखडला. हा काय प्रसंग आहे का फॉर्म विचारायचा? काका शांतपणे म्हणाले, “मास्तर घरातच गेलेत. डॉक्टरांनी कारणाचा दाखला दिल्याशिवाय पुढं काही होत नाही. आत्ता डॉक्टर घरी आहेत, नऊनंतर ओपीडीत असतील.” मेहुणा स्वतःच डॉक्टरांकडं गेला.

मग काकांनी मुलाचा मोबाइल चार्जिंगला लावला, कारण दुपारपर्यंत तोच वाजणार होता. मास्तरांची कवळी कुठं आहे ते विचारलं आणि ती वेळेत बसवून घेतली. नंतर बसत नाही. शेजारच्या पाच घरांतून एकाच वेळी पिठलं-भात निघाला होता, त्यातला तीन घरांचा परतवला आणि वार लावून दिले. सोमवार तुमचा, मंगळवार तुमचा, आणि गुरुवारनंतर कृपा करून पिठलं नको. काकांना सांत्वन करता येत नाही. मुलगा गळ्यात पडला तर वॅगनचं चाक हातोडीनं ठोकून बघावं तशी त्यांनी त्याच्या पाठीवर दोनदा थाप मारली आणि आवाज ठीक येतोय अशा समाधानानं बाजूला झाले.

मास्तरीणबाई सकाळपासून भिंतीला टेकून बसल्या होत्या, अक्षर बोलल्या नव्हत्या. बायका त्यांना रडवायचा प्रयत्न करत होत्या, रडल्यानं मोकळं होतं म्हणून. तिसऱ्या दिवशी काकांनी मास्तरांच्या औषधांचा डबा त्यांच्यापुढं आणून ठेवला. “वहिनी, यातल्या न फोडलेल्या पट्ट्या वेगळ्या काढा. मेडिकलवाला परत घेतोय का विचारतो.” बाईंनी डबा उघडला. एकेक पट्टी उजेडाकडं धरून तारीख वाचू लागल्या. साखरेची इकडं, बीपीची तिकडं. मग एका पट्टीपाशी थांबून म्हणाल्या, “ही रात्रीची. ही घ्यायला रोज भांडायचे माझ्याशी.” आणि मग त्या भांडणाबद्दल तासभर बोलत राहिल्या.

कागदांच्या बाबतीत काकांचा प्रश्न तोच, मागून काय येतंय? २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद, नाहीतर मग उशिराचं शुल्क, परवानग्या आणि हेलपाटे. दाखल्याच्या झेरॉक्स नव्हे, मूळ प्रतीच भरपूर काढून ठेवायच्या, कारण प्रत्येक खिडकीला मूळ हवी असते. मास्तरांचा मोबाइल नंबर बंद करायचा नाही, बँकेचे ओटीपी त्यावर येतात. एटीएमचा पिन माहीत असला तरी पैसे काढायचे नाहीत, पुढं बँकेला उत्तर देताना अवघड जातं. शेताच्या सातबाऱ्यावर वारस लावायला तीन महिन्यांत अर्ज. आणि वर्षभर घर विकायचं नाही, ठेवी मोडायच्या नाहीत, कुठल्याही भाच्याच्या धंद्यात भागीदारी घ्यायची नाही. हे शेवटचं कलम त्यांनी मेहुण्याकडं बघत सांगितलं.

यंदा काकांचे जुने ड्रायव्हर गेले. कितीतरी वर्षं एकाच गाडीच्या दोन टोकांना बसून दोघांनी नोकरी केली. स्टेशन सोडलं की यांनी मागून हिरवी दाखवायची, त्यांनी पुढून, एवढाच संवाद. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी फोनवर बोलायचे, तेही बहुतेक ‘सगळं ठीक?’ ‘ठीक’ इतकंच. बातमी कळल्यावर काका मिरजेला गेले आणि दहा दिवस तिथंच कागदांत बुडाले. दहाव्याला आम्ही चारजण कृष्णाघाटावर गेलो होतो. पिंड ठेवले. कावळे होते, भरपूर होते, पण झाडावर. नेहमीचं सुरू झालं. मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन. कावळा नाही. नातवाचं शिक्षण पुरं करू. नाही. धाकट्या भावाशी बोलणं सुरू करू, असं थोरल्यानं दातओठ खात कबूल केलं. एक कावळा खाली उतरला, तिरका तिरका चालत जवळ आला आणि परत गेला. भटजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा करायला घेतला.

तेव्हा मागं उभे असलेले काका दोन पावलं पुढं आले. धोतराच्या गर्दीत एकटेच बुशशर्टात. झाडाकडं बघून, मोकळ्या लाइनीवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ओरडावं एवढ्या आवाजात म्हणाले, “साहेब, फॅमिली पेन्शनचा अर्ज बँकेत दिलाय! पोच घेतलीय! शिक्क्यासकट!”

कावळा शिवला. एक नाही, तीन.

घाटावर हसावं की हात जोडावेत कुणाला कळेना. मुलानं काकांचे पाय धरले. काका मात्र चमत्कार मानायला तयार नव्हते. “साडेअकरा वाजले होते. भूक लागली असणार त्यांना,” म्हणाले. मग रुमालानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि गाडीत बसेपर्यंत पुसतच राहिले.

ही हकिकत कॉलनीत आमच्या आधी पोचली होती. काकूंनी दारातच पाय धुवायला पाणी दिलं आणि सहज आवाजात म्हणाल्या, “माझ्या वेळेला कावळा अडला तर फार शोधाशोध करू नका. काशीचा पास वाया गेला म्हणून अडला असेल.”

काका काही बोलले नाहीत. जेवले नाहीत नीट. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सांगली स्टेशनच्या आरक्षणाच्या खिडकीपुढं दिसले. आरक्षण आता ६० दिवस आधीच मिळतं, पूर्वी १२० दिवस मिळायचं, एवढ्या अपुऱ्या वेळात माणसानं तयारी करायची कधी, हे ते आतल्या बाईंना विचारत होते. पुण्याहून ज्ञानगंगा एक्स्प्रेस, दोन खालचे बर्थ, एकाच बाजूचे, दारापासून लांब पण पाण्यापासून जवळ. मागं रांग वाढत चालली होती. कुणीतरी ओरडलं, “ओ आजोबा, आटपा की!” काका वळले. त्याच्या हातातल्या फॉर्मकडं त्यांची नजर गेली, गळ्यातला चष्मा नाकावर चढला.

“गाडी नंबर चुकलाय तुमचा,” ते म्हणाले. “इकडं आणा. पेन आहे माझ्याकडं.”